फोटोत कापली जाणारी इमारत

ओव्हल मैदानावर राजाबाई टॉवरसोबत काढलेला एक तरी फोटो तुमच्या फोनमध्ये असेलच. तो आता पुन्हा उघडा आणि टॉवरच्या डाव्या बाजूला बघा. टोकदार कमानींची, उतरत्या छपराची एक लांबच लांब काळसर इमारत अर्धी कापली गेली असेल. ते मुंबई हायकोर्ट. टॉवर उंच, त्यामुळे सगळं फुटेज तोच खातो. खरं तर दोघं जुळी भावंडं आहेत. दोन्हींचं बांधकाम पूर्ण झालं ते १८७८च्या नोव्हेंबरमध्येच.

माझे आजोबा सांगलीचे. जमिनीच्या एका केससाठी ते एकदा इथे आले होते. रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी व्हीटी आणि काखेत कागदांची पिशवी. त्या दिवशी कोर्टात काय झालं ते त्यांना नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दारात उभं राहिल्यावर ‘चपला काढायच्या की काय?’ असं वाटलं होतं. मी हसले होते. नंतर इंटर्नशिपच्या निमित्ताने त्याच दारात उभी राहिले आणि आवाज आपोआप खाली आला!

हा काही योगायोग नाही. इमारत बांधलीच आहे तशी. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२मध्ये, तेव्हा ते अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत भरायचं. त्याच सुमारास किल्ल्याचा कोट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इंग्रजांनी सरकारी इमारतींची रांगच उभी करायला घेतली. सचिवालय, विद्यापीठ, कोर्ट... सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. का? कारण तेव्हा ओव्हलच्या पलीकडे लगेच समुद्र होता. मरीन ड्राइव्ह आणि समोरच्या आर्ट डेको बिल्डिंगी भराव टाकून नंतर झाल्या. म्हणजे बोटीतून येणाऱ्याला शहराच्या आधी राज्य कुणाचं आहे ते दिसायला हवं, असा सगळा थाट.

कोर्टाचा आराखडा केला कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनीअरने. काम १८७१च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. शैली गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चची. पण दगड इथला, काळा बेसाल्ट, जोडीला पोरबंदरचा फिकट दगड. लांबी ५६२ फूट. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर साडेआठ पिचेस एकापुढे एक! मधला मनोरा पावणेदोनशे फुटांच्या वर. माथ्यावर दोन पुतळे, एक ‘न्याय’ आणि दुसरा ‘दया’. खर्च आला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये, तोही मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपयांनी कमी. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिलंय.

इतक्या गंभीर इमारतीत कुणीतरी चक्क टिंगल करून ठेवलीय. खांबांच्या माथ्यावरचं कोरीवकाम मान वर करून बघितलं, तर एक माकड सापडतं. हातात न्यायाचा तराजू आणि पट्टी फक्त एकाच डोळ्यावर. आणखी एका ठिकाणी वकिलाचे पांढरे बँड्स लावलेला कोल्हा आहे. कुणी पारशी कंत्राटदार कोर्टात केस हरला आणि त्याने असा सूड उगवला, अशी दंतकथा सांगतात. खरंखोटं सोडा. ही दगडी मीम्स गेली जवळपास दीडशे वर्षं तिथेच आहेत.

मला मात्र बघायचं होतं ते दुसऱ्या मजल्यावरचं ४६ नंबरचं कोर्ट. मीडिया लॉच्या नोट्समध्ये ‘टिळक खटला, १९०८’ एवढ्या पाच ओळींत आटोपतो. प्रत्यक्षात तो घडला या दालनात. वर सागवानी नक्षीचं उंच छत. त्याखाली ‘केसरी’चा संपादक आपल्या लेखांसाठी आरोपी म्हणून उभा. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, खटला इंग्रजीत. भाषांतरात मूळ शब्दांचा अर्थच बदललाय, हे टिळक परोपरीने पटवून देत होते. वकील न लावता ते स्वतः २१ तासांहून जास्त बोलले. न्यायाधीश दिनशा दावर. गंमत म्हणजे १८९७च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम केलं होतं. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. शिक्षेनंतर मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

त्या दालनाबाहेर आज संगमरवरी फलक आहे. त्यावर निकालपत्रातलं काही नाही. शिक्षा ऐकण्याआधी आरोपी जे बोलला, ते कोरलंय. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, अशा अर्थाचं. १९५६मध्ये तो फलक बसवला याच कोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाने आरोपीचं म्हणणं आपल्या भिंतीवर लावलं. मी तो फलक तीनदा वाचला. मागून एक वकील घाईघाईत गेले, त्यांनी वरही बघितलं नाही. त्यांना रोजचंच असणार.

हे सगळं आताच का सांगतेय? हायकोर्टाला ही जागा केव्हाच अपुरी पडायला लागलीय. वांद्रे पूर्वेला नवं संकुल उभारायचं ठरलंय, सप्टेंबर २०२४मध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यात आमची सांगलीही येते. म्हणजे आजोबांसारख्यांची महालक्ष्मीची रात्र वाचली, हे चांगलंच झालं. पण ज्या इमारतीत पक्षकार नाहीत, काळे कोट नाहीत, फायलींचे गठ्ठे नाहीत, ती बघणं वेगळं आणि चालतं कोर्ट बघणं वेगळं.

तेव्हा कोर्ट तिथे आहे तोवर एकदा जाऊन या. सुनावणी खुल्या कोर्टात होते, त्यामुळे साधा कॉलेजचा पोरगाही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोन सायलेंट करा. आत फोटो काढायला मनाई आहे, रील तर विसराच. तळमजल्यावर छोटं म्युझियम आहे, तेही बघा. माकड कुठल्या खांबावर आहे ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. मला शोधायला पाऊण तास लागला होता.