किटलीची गळती आणि खोडदची जाळी

सकाळी डेअरीवर रांग लागलेली असते आणि नेमकी तेव्हाच तुमच्या ॲल्युमिनियमच्या किटलीच्या बुडातून दुधाची बारीक धार सुरू होते. जुन्नर-आंबेगावच्या दूधवाल्याला हे काही नवे नाही. मग किटली घेऊन नारायणगाव नाहीतर मंचर गाठायचे. वेल्डिंगवाला ती उलटीपालटी करतो आणि म्हणतो, "लोखंड असतं तर लगेच चिकटवलं असतं. याला आर्गन लागंल." आपल्याला वाटते, गडी टाळतोय. वाचकहो, तो टाळत नाही.

स्पॉट वेल्डिंगमध्ये दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांत दाबून धरतात आणि क्षणभर प्रचंड करंट सोडतात. पत्रे भिडतात तिथे विजेला अडथळा होतो, धातू वितळतो आणि थंड होताना एकजीव होतो. ना काडी, ना गॅस. याचे मोठे उदाहरण आपल्या खोडदलाच आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. जाळी मात्र अवघ्या ०.५५ मिलिमीटर स्टेनलेस स्टीलच्या तारेची, आणि तिचे सांधे स्पॉट वेल्डिंगचे! वारा जाळीतून निघून जातो, रेडिओलहरी तेवढ्या परततात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ही दुर्बीण २००१ मध्ये देशाला अर्पण झाली.

मग ॲल्युमिनियममध्येच घोडं कुठं पेंड खातं? एक तर हा धातू वीज आणि उष्णता दोन्ही झटकन वाहून नेतो. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या लोखंडी पत्र्यापेक्षा दोन-तीन पट करंट लागतो, तोही अगदी थोडा वेळ. दुसरे म्हणजे त्याच्यावर न दिसणारा ऑक्साइडचा थर असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हा थर मात्र २००० अंशांच्या पुढे. साधा कथलाचा डागही याच थरामुळे धरत नाही. एवढा करंट ओढणारे मशीन गावच्या लाइटीवर चालवायचे कसे, तुम्हीच सांगा.

आणि चालले तरी किटलीला त्याचा उपयोग नाही. स्पॉट म्हणजे टाके; दोन टाक्यांमध्ये फट राहते. तिथे दूध अडकले की आंबते, आणि सगळे दूध नासते. म्हणून किटली स्वच्छ धुऊन, वाळवून आर्गन वेल्डिंगवाल्याकडेच न्या, अखंड सांधा मारून घ्या. पेटी, झाकण, पाटी अशा कोरड्या कामाला ॲल्युमिनियमचे रिव्हेट पुरते. लोखंडी रिव्हेट नको. ओल लागली की पत्रा खातो.

कर्ज काढून मशीन घेणाऱ्या तरुणांना एकच सांगणे. आपला पत्रा बरोबर न्या, समोर टाका मारायला लावा आणि सांधा पकडीने उलगडून बघा. एका पत्र्याचा गोल तुकडा उपटून आला तर टाका पक्का. पत्रे नुसतेच सुटले, तर पैसे खिशातच ठेवा. हप्ते आपल्यालाच फेडायचे असतात.