गोळी थांबते तेव्हा

अमेरिकेतल्या इनडोअर शूटिंग रेंजवर स्वतःची काडतुसं घेऊन गेलं, की अनेक ठिकाणी काउंटरवरचा माणूस आधी साधं लोहचुंबक बाहेर काढतो. डबीतलं एक काडतूस उचलतो आणि गोळीच्या तांबूस टोकाला चुंबक लावून बघतो. चिकटलं नाही तर आत जायचं; चिकटलं तर ती डबी गाडीत ठेवून यायची. चुंबक ना तांब्याला चिकटतं, ना शिशाला. तरीही काही गोळ्यांना ते टक्कन चिकटतं, कारण वरचं तांबं हा नुसता पातळ मुलामा असतो आणि त्याच्याखाली पोलाद असतं.

हे पोलाद तिथे आलं ते बहुतेकदा काटकसरीपायी. दुसऱ्या महायुद्धात शिशाची टंचाई भासू लागली तेव्हा जर्मनीने 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीत लोखंडी गाभा घातला. एके-47 साठीच्या सोव्हिएत गोळीतही मऊ पोलादाचा गाभा आला. स्वस्त काडतुसांत आजही तांब्याऐवजी पोलादाचं कवच मिळतं. उघड्या माळावर त्याने फारसं बिघडत नाही. चार भिंतींच्या आत मात्र सगळं गणितच बदलतं, कारण तिथे झाडलेली प्रत्येक गोळी त्याच खोलीत थांबवावी लागते.

बऱ्याच रेंजवर हे थांबवण्याचं काम कडक पोलादाच्या तिरक्या पत्र्यांकडे असतं. ब्रिनेल मापावर या पोलादाचा कठीणपणा 500च्या आसपास भरतो, तर शुद्ध शिशाचा जेमतेम 5. या शंभरपट फरकामुळेच शिशाची गोळी पत्र्यावर आदळताक्षणी चपटी होते, फुटते आणि तिचे तुकडे घसरत खाली गोळा होतात. पोलादी गाभा असा मवाळपणे हार मानत नाही. तो पत्र्याला खळगा पाडतो, आणि पुढची गोळी नेमकी त्या खळग्यात बसली तर तिचे तुकडे कुठे उडतील याचा भरवसा उरत नाही. शिवाय पोलादावर पोलाद आदळलं की ठिणगी पडते. रेंजच्या जमिनीवर न जळलेल्या दारूचे बारीक कण साचत असतात. काही ठिकाणी गोळ्या रबराच्या चुऱ्यात अडवलेल्या असतात. दोन्ही गोष्टी पेट घेऊ शकतात. मागे जळती रेघ ओढत जाणाऱ्या ट्रेसर गोळ्यांना बंदी आहे तीही याच भीतीने.

पोलाद गाभ्यात आहे की नुसत्या कवचात, हे चुंबकाला कळत नाही. म्हणून बऱ्याच रेंज सरसकट नकार देतात. पोलादी पुंगळ्यांना नकार मिळतो त्याचं कारण वेगळं आणि रोकडं आहे. रिकाम्या पितळी पुंगळ्या झाडून गोळा करायच्या आणि भंगारात विकायच्या, हे रेंजचं उत्पन्न असतं. त्यात पोलाद मिसळलं की सगळा ढीग निवडत बसावं लागतं.

म्हणजे शिसं निर्धोक? भिंतीसाठी हो, फुप्फुसांसाठी नाही. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरमध्ये बहुधा लेड स्टिफनेट हे शिशाचं स्फोटक संयुग असतं. चाप ओढला की त्याचा धूर नेमबाजाच्या तोंडासमोरच निघतो. नेहमीच्या कवचबंद गोळीचं बूड उघडं असतं, कारण कवचाची वाटी करून त्यात शिसं मागून दाबतात. 327 अंशांना वितळणारं हे शिसं धगधगत्या वायूला उघडं पडतं. तिसरी धूळ उडते ती गोळी आदळताना. म्हणून चांगल्या रेंजवर सबंध हवाच एका दिशेला वाहती ठेवतात: नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे मिनिटाला 75 फूट वेगाची. इतका संथ झोत अंगाला जेमतेम जाणवतो, पण श्वासातलं विष तोच दूर नेतो.

पर्याय शोधायचा तो इथपासून. बूडही झाकलेली गोळी घेतली तर एक वाट बंद होते. शिसेविरहित प्रायमर घेतला तर दुसरी. आणि एक गोळी तर विलक्षणच आहे. तांब्याची भुकटी कथिलासोबत किंवा प्लास्टिकसारख्या बंधकासोबत दाबून ती घडवतात. कागदी लक्ष्यातून ती सरळ पार होते, पण पोलादावर आदळली की रव्याच्या लाडवासारखा तिचा भुगा होऊन जातो. परत उडायला मोठा तुकडाच उरत नाही. माणसाला लागली तर मात्र ती इतर गोळीइतकीच घातक असते. तिचा मोबदलाही द्यावा लागतो. घनसेंटिमीटरमागे शिसं 11.3 ग्रॅम भरतं, तांबं जेमतेम 9. त्यामुळे त्याच आकाराची गोळी हलकी होते, बंदुकीचा धक्का वेगळा लागतो, नेम पुन्हा बसवून घ्यावा लागतो. किंमतही जास्त.

आणखी एक पर्याय मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे: दारूच काढून टाकायची. दहा मीटर एअर रायफलचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा फक्त दाबलेल्या हवेवर सुटतो. प्रायमर नाही, ज्वाळा नाही. त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल. 9 मिलिमीटरच्या गोळीची साडेचारशेच्या घरात. स्पर्धेत छर्रा शिशाचा किंवा तशाच मऊ पदार्थाचा असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे हात धुणं इथेही सुटत नाही. त्याचं तोंड सपाट असतं, म्हणून कागदाला फाटकं भोक न पडता रेखीव गोल कापला जातो आणि गुण मोजता येतात. याच छऱ्यावर मुंबईच्या अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि 2008 साली अभिनव बिंद्राने बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं.

त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कवच नाही, दारू नाही, ताकद नावापुरती. सगळी बंधनं पाळून उरलेल्या या चिमुकल्या छऱ्याने नेमबाजीला साध्या सभागृहातही आणलं आणि शाळकरी मुलांच्याही हातात दिलं. रेंजवरच्या बंदीच्या पाटीमागे धातूंचा स्वभाव इतका बारकाईने वाचलेला असतो, हे कळलं की ती पाटी अडवणूक वाटत नाही. त्या खोलीतला प्रत्येक जण धडधाकट घरी जावा म्हणून केलेला तो विचार आहे.