मोटारीची उंची आणि तिचा तोल

जुन्या स्पोर्ट्स मोटारी हौसेनें सांभाळणाऱ्या मंडळींत एक इच्छा हटकून आढळते. गाडी आणखी थोडी खालीं बसावी, चाकें व त्यांवरील पत्र्याची कड यांमधील मोकळी जागा कमी व्हावी, आणि उभी असतांनाहि ती धांवत असल्याचा भास व्हावा, अशी ती इच्छा होय. ती केवळ नटवेपणाची आहे असें नव्हे. ठेंगण्या गाडीचा तोल वळणावर अधिक चांगला राहतो, हें यंत्रशास्त्रहि मान्य करतें. परंतु डोळ्यांना जी जागा रिकामी दिसते, ती चाकाच्या उठबशीसाठीं राखलेली असते. तींतील किती खर्च करावयाची आणि मोबदल्यांत काय मिळवावयाचें, हा हिशेब आधीं मांडल्याशिवाय कमानी बदलणें म्हणजे पदरचा पैसा देऊन धोका विकत घेणें होय.

हा हिशेब समजण्यास एम. जी. बी. या इंग्रजी गाडीचें उदाहरण फार उपयोगी पडतें. ॲबिंग्डन येथील कारखान्यांत ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे, आणि सर्व प्रकार मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आरंभींची गाडी बेताच्या उंचीची व क्रोमच्या बंपरांची होती. १९७४ च्या उत्तरार्धांत, अमेरिकेंतील नव्या सुरक्षा-नियमांस अनुसरून, तिला काळे रबरी बंपर आले आणि सबंध गाडी सुमारें एक ते दीड इंच उंच झाली. त्याच सुमारास, १९७५ सालच्या उघड्या गाडीवरून, पुढची अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडून गाडीचा कल रोखणारी पोलादी दांडी, काढून टाकण्यांत आली. १९७७ सालच्या नमुन्यांत पुढें व मागें अशा दोन्ही दांड्या देऊन ही उणीव भरून काढली गेली. वाढलेली उंची मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली.

तेव्हां या काळांतील गाडी वळणावर फार कलते अशी मालकाची तक्रार असेल, तर तिचीं कारणें दोन असूं शकतात: उंची आणि दांडीचा अभाव. दोहोंचे उपाय निराळे आहेत. गाडीखालीं वांकून दांडी आहे कीं नाहीं हें पाहण्यास एक मिनिटहि लागत नाहीं. परंतु तेवढें न पाहतां पुष्कळ लोक थेट ठेंगण्या कमानी मागवितात.

दोन्ही उपायांपासून होणारा लाभ आंकड्यांनीं ताडून पाहावा. वळणावर गाडीचा कांहीं भार आंतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो, आणि तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणांत असतो. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून २० इंचांवर आहे. गाडी १ इंच खालीं आणली तर हें भाराचें स्थलांतर शेंकडा ५ नें घटतें. लाभ खरा आहे, पण तो फार मोठा नाहीं. उलट, दांडीचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो. पांच सुती दांडीच्या जागीं तशाच घडणीची सहा सुती दांडी घातली, म्हणजे व्यास अवघा एक सूत वाढविला, तर तो विरोध दुपटीहून किंचित अधिक होतो. आणि त्यासाठीं चाकाची सरळ उठबस तिळमात्र कमी होत नाहीं. मात्र येथेंहि अतिरेक नसावा. केवळ पुढची दांडी अवास्तव जाड केली तर पुढचीं चाकें वळण सोडून सरळ जाऊं पाहतात, आणि एका चाकाला बसलेला हिसका दुसऱ्यासहि पोंचतो.

आतां उंची कमी करण्याची किंमत पाहूं. टांग्याच्या कमानी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, खांचखळगा आला म्हणजे कमान दबते आणि बैठकीवरचा माणूस वांचतो. दबण्यास जागाच नसेल तर कमान असून नसल्यासारखी. समजा, मोटारीच्या चाकाला वर येण्यास ३ इंच मोकळीक आहे. गाडी १ इंच खालीं बसविली कीं २ इंच उरतात. कमानीनें जिरविलेली शक्ति अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून पूर्वीचाच धक्का या दोन इंचांत जिरवावयाचा तर कमान सव्वादोन पट ताठ हवी. शॉक ॲब्सॉर्बर कांहीं वांटा उचलतो हें खरें, तरी उंचीनें आंखूड पण ताठरपणांत जुनीच, अशी कमान घेणें किती चुकीचें आहे तें यावरून ध्यानांत येईल. अशा गाडीचें चाक लवकरच शेवटच्या रबरी थांब्यावर आपटतें. सरळ रस्त्यावर याचा परिणाम पाठीस जाणवतो. ओल्या वळणावर हेंच घडलें तर त्या चाकावरील भार एकदम वाढतो, टायरची पकड सुटूं शकते, आणि मग गाडी चालकाच्या हातीं राहील याचा भरंवसा नाहीं.

पुढच्या चाकांना या गाडींत गुंडाळी कमानी आहेत. त्या करवतीनें कापून वेढा कमी करण्याचा मोह स्वस्त असतो. कामाच्या आठ वेढ्यांतून एक कापला तर कमान सुमारें शेंकडा १४ नें ताठ होते. गमावलेल्या जागेच्या मानानें हें अपुरें आहे, शिवाय कापलेलें टोंक आपल्या बैठकींत नीट बसत नाहीं. ज्योतीनें तापवून कमान बसविणें याहून वाईट, कारण पोलादाचें पाणीच उतरतें. योग्य मार्ग दोन. पुढची उंची वाढली ती मुख्यतः कमानी बसविण्याच्या आडव्या तुळईची घडण बदलल्यामुळें. म्हणून जुन्या गाडीची तुळई घालणें हा मुळावरचा उपाय होय. परंतु त्याबरोबर स्टिअरिंगच्या जोडणींतहि फेरफार करावे लागतात आणि खर्च वाढतो. दुसरा मार्ग, १ इंच आंखूड व त्या मानानें ताठ अशा तयार कमानी घेण्याचा. सामान्य मालकास हाच सोयीचा. एक इंचाच्या पुढें मात्र जाऊं नये. चाकांचे आडवे हात वर उचलले गेले कीं, गाडी ज्या कल्पित बिंदूभोंवतीं कलते तो बिंदु गुरुत्वमध्याहूनहि अधिक वेगानें खालीं सरकतो. आणि ठेंगणी केलेली गाडी पूर्वीपेक्षां जास्त कलते असा उलटा प्रकार घडूं शकतो.

मागच्या बाजूस टांग्याप्रमाणेंच पाटे आहेत. उंच गाडींत त्यांचा बांक अधिक असतो. त्यामुळें गाडी कलली कीं बाहेरचें चाक किंचित मागें व आंतलें किंचित पुढें सरकतें, आणि सबंध आंस नकळत गाडीची शेपटी वळणाबाहेर ढकलतो. मागची बाजू खालीं आणल्याचा खरा लाभ हा दोष कमी होण्यांत आहे. त्यासाठीं कमी बांकाचे, क्रोम-बंपरी गाडीचे पाटे नवे घ्यावेत हें उत्तम. आंस व पाटा यांमध्यें ठोकळा घालणें स्वस्त पडतें. तो १ इंचाहून जाड नसावा, कारण इंजिनाचा जोर तितक्या लांब तरफेनें पाट्याला पिळतो.

या सर्वांच्या आधीं जुने भाग तपासणें अवश्य आहे. या गाडींत पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरची भुजा हाच चाकाचा वरचा हात असतो. तो तेल गाळूं लागला किंवा त्याचा आंस झिजला, तर नव्या कमानीहि व्यर्थ जातात. झिजलेल्या रबरी बुशांच्या जागीं व्ही-८ नमुन्याचे, पोलादी नळी असलेले बुश घालण्याची रीत प्रसिद्ध आहे व ती चांगली आहे. ते अखेरचे आंवळतांना गाडीचें वजन चाकांवर असावें; गाडी अधांतरीं असतांना आंवळले तर रबर कायम पिळलेलें राहून लवकर फाटतें. गुंडाळी कमान काढतांना तींत दाबून ठेवलेली शक्ति माणसाचा हात मोडण्यास पुरेशी असते. म्हणून योग्य हत्यारें व भक्कम घोड्या यांवांचून हें काम घरीं करूं नये. जाणत्या मिस्त्रीवर सोंपवावें. काम झाल्यावर चाकांची दिशा पुन्हां मोजून घ्यावी, कारण उंची बदलली कीं तीहि बदलते.

शेवटीं परीक्षा रस्त्यावर व्हावी. काम सुरू होण्यापूर्वीं चारी चाकांच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचीं अंतरें टिपून ठेवावीं व नंतर पडताळावीं. मग रबरी थांब्यांवर खडू फांसावा, टांकी भरावी, दोन माणसें बसवावीं, आणि रोजच्या रस्त्यावरून रोजच्याच वेगानें फेरी मारावी. परतल्यावर खडू शाबूत असेल तर उंची योग्य ठरली. खडू पुसला गेला असेल, तर गाडी कितीहि देखणी दिसो, ती अर्धा इंच वर घ्यावी.