शिडी न लावता वरच्या मजल्याच्या खिडक्या धुण्याची पद्धत

बोअरिंगच्या पाण्याने स्टीलचे ताट धुऊन, न पुसता तसेच उभे करून ठेवले, तर वाळल्यावर त्यावर पांढुरके ठिपके राहतात हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. ताट स्वच्छ असते, पाणीही दिसायला निर्मळ असते. मग हे ठिपके येतात कोठून? या साध्या प्रश्नाच्या उत्तरामुळे ब्रिटनमधील एका कष्टाच्या धंद्याचे स्वरूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलून गेले. तो धंदा म्हणजे लोकांच्या राहत्या घरांच्या खिडक्या बाहेरून धुण्याचा.

आपल्याकडे कोणी म्हणेल, घराच्या खिडक्या धुवायला बाहेरचा माणूस कशाला हवा? पण तिकडची घरे निराळी. बहुतेक घरे दुमजली, एकमेकांना चिकटून रांगेने उभी. खिडक्यांच्या काचा मोठ्या, त्यांना गज नसतात आणि पुष्कळ ठिकाणी झडपा बाहेरच्या बाजूला उघडतात. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काचेची बाहेरची बाजू आतून हात घालून पुसता येत नाही. म्हणून दर चार किंवा आठ आठवड्यांनी येणारा काचा पुसणारा हा तेथील गल्लीतला ओळखीचा माणूस असतो. त्याच्या ठरलेल्या घरांच्या फेरीला तो ‘राउंड’ म्हणतो, आणि ती फेरी हीच त्याची मिळकत. स्कॉटलंडमध्ये तर १९८२ च्या कायद्यान्वये या धंद्यासाठी परवाना लागतो, कारण शिडी घेऊन लोकांच्या खिडक्यांशी जाणारा माणूस कोण आहे, हे माहीत असणे बरे.

जुनी पद्धत म्हणजे शिडी, बादली, साबणाचे पाणी, फडके आणि रबरी पट्टीचा वायपर. हा एका पट्टीचा हलका पितळी वायपर इटलीहून अमेरिकेत आलेल्या एत्तोरे स्टेकोने या कामगाराने १९३० च्या दशकात तयार केला. त्याच्या नावाचे वायपर आजही विकले जातात. हातात कसब असेल तर या वायपरने काच अशी काही लख्ख होते की दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने ती तितकी होणे कठीण, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोष वायपरचा नव्हताच. दोष शिडीचा होता.

साधा हिशेब करून पाहा. एका घराला वरच्या चार-पाच खिडक्या, आणि दिवसाला वीस घरे. म्हणजे तो माणूस दिवसाला ऐंशी ते शंभर वेळा शिडीवर चढतो आणि तितक्याच वेळा उतरतो. हात ओले, पायरी ओली, शिडीखाली कधी ओले गवत तर कधी शेवाळलेली फरशी. ‘पहिला मजला तर आहे, त्यात कसली उंची!’ असे म्हणण्याची पद्धत तिकडेही आहे आणि इकडेही आहे. पण चार मीटरवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो. खाली मऊ माती नसते, दगडी वाट असते. ब्रिटनमध्ये कामावर मृत्यू पावणाऱ्या कामगारांच्या कारणांत उंचीवरून पडणे हे कारण वर्षानुवर्षे सर्वांत वरच्या स्थानी राहिलेले आहे. काचा पुसणारा बहुधा एकटा आणि स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारा. पाय मोडून तो चार महिने घरी बसला, तर राउंड दुसऱ्याच्या हाती जातो.

या पार्श्वभूमीवर ६ एप्रिल २००५ पासून तेथे उंचीवरील कामाचे नियम लागू झाले. त्यांतील विचारांचा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिला प्रश्न असा की हे काम उंचीवर न जाता करता येईल काय? येत असेल, तर वर चढूच नये. येत नसेल, तर पडणे रोखणारी साधने वापरावीत. तेही शक्य नसेल, तर पडल्यास इजा कमीत कमी होईल अशी तजवीज करावी. या नियमांनी शिडीवर बंदी घातली, असा समज तेथील लोकांतही आढळतो, पण तो चुकीचा आहे. थोड्या वेळाच्या, कमी जोखमीच्या कामाला शिडी आजही चालते. मात्र पहिला प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि दुमजली घराच्या खिडक्यांपुरते त्या प्रश्नाचे उत्तर तोवर तयार होते. ते उत्तर म्हणजे वॉटर-फेड पोल, अर्थात जिच्या टोकापर्यंत पाणी जाते अशी लांब काठी.

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची ही काठी असते. टोकाला मऊ केसांचा ब्रश, ब्रशमध्ये पाण्याची धार सोडणारी बारीक छिद्रे, आणि काठीतून खाली येणारी पातळ नळी. ही नळी थेट रस्त्यावरच्या गाडीपर्यंत जाते. गाडीत टाकी, बॅटरीवर चालणारा लहान पंप आणि पाणी कमीजास्त करण्याचे बटण. दुमजली घराला सहा मीटरची काठी पुरते. याहून लांब काठ्यांनी चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतही पोहोचता येते, पण त्या पेलणे हे निराळेच काम आहे. ॲल्युमिनियमची काठी स्वस्त पण जड, फायबर ग्लासची मध्यम, आणि कार्बन फायबरची महाग पण हलकी. दिवसभर हात डोक्याच्या वर धरून काम करणाऱ्याला अर्ध्या किलोचा फरकही संध्याकाळी खांद्यात कळतो. त्यामुळे येथे पैसे वाचवू नयेत असे जाणते लोक सांगतात, आणि ते खरेच आहे.

परंतु काठी हा या पद्धतीचा आत्मा नव्हे. उंच काठीला ब्रश बांधण्याची कल्पना कोणालाही सुचेल. अडचण पुढेच आहे. वरची काच धुतल्यावर ती पुसणार कोण? फडके घेऊन वर चढायचे असेल तर काठीचा उपयोग काय? म्हणजे काच न पुसता आपोआप वाळली पाहिजे आणि वाळल्यावर ठिपका राहता कामा नये. येथे आपण पुन्हा स्टीलच्या ताटापाशी येतो.

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि चुनखडीसारख्या खडकांतून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. असे पाणी म्हणजे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हटले आहे. पाणी वाळते, उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचा प्रदेश खडूच्या खडकावर वसलेला असल्याने तेथील नळाच्या एक लिटर पाण्यात सुमारे तीनशे-चारशे मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेले असतात. स्कॉटलंडच्या डोंगरी भागात ते पाणी पुष्कळच हलके असते. आपल्याकडेही तोच भेद आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे पावसाचे पाणी हलके, तर मराठवाड्यातील अनेक बोअरचे पाणी असे की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो.

समजा, एका मोठ्या काचेवर धुतल्यानंतर ५० मिलिलिटर पाणी चिकटून राहिले. लंडनच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरले, तर त्या काचेवर १५ मिलिग्रॅम पांढरी पूड उरेल, आणि ती उन्हात दिसेल. तेच पाणी लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत शुद्ध केले, तर उरेल फक्त पाव मिलिग्रॅम, जे डोळ्याला दिसत नाही. सारी पद्धत या एवढ्या गणितावर उभी आहे. म्हणून कामगार टाकीतील पाणी दहाच्या वर जाऊ देत नाहीत आणि शून्याजवळ असल्यास समाधानी असतात.

हे शुद्धीकरण दोन पायऱ्यांनी होते. पहिली आर.ओ. ही आता आपल्या स्वयंपाकघरातही आलेली आहे. दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलायचे. पाणी पार होते, बहुतेक क्षार मागे राहतात. या कामाचा व्यवहारोपयोगी पडदा १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. सौरीराजन हे मूळचे आपल्या भारतातलेच, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. पडद्याआधी कार्बन फिल्टर लावतात, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन पडद्याला खाते. दुसरी पायरी रेझीनची. साबुदाण्याहून बारीक अशा या मण्यांपैकी काही पाण्यातील धातूंचे कण धरून बदल्यात हायड्रोजन सोडतात, तर काही उरलेले कण धरून हायड्रॉक्सिल सोडतात. सोडलेले दोन्ही एकत्र आले की त्यांचेही पाणीच होते! मणी भरून गेले की रेझीन बदलावे लागते. जड पाण्यावर नुसते रेझीन वापरले तर ते पाहता पाहता संपते, म्हणून आधी आर.ओ. लावतात. हलक्या पाण्याच्या प्रदेशात मात्र एकट्या रेझीनवर भागते.

आर.ओ.मध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे तितकेच किंवा अधिक पाणी बाहेर टाकले जाते, ही या पद्धतीची उणी बाजू आहे. घरी बाग असेल तर ते झाडांना घालता येते. विक्रेते असेही सांगतात की शुद्ध पाणी ‘भुकेले’ असल्याने मळ स्वतःच ओढून घेते. आमच्या मते ही थोडी वाढवून सांगितलेली गोष्ट आहे. मळ सुटतो तो ब्रशच्या घासण्याने आणि वाहत्या पाण्याने. शुद्धतेचे खरे काम मागे काही न ठेवणे हे आहे. म्हणूनच साबणही घालत नाहीत, कारण उरलेल्या साबणावर धूळ बसते.

विद्यार्थी मित्रांनी घरी हा प्रयोग जरूर करावा. काचेच्या तुकड्याच्या एका अर्ध्यावर बोअरचे पाणी आणि दुसऱ्या अर्ध्यावर गाडीच्या बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी शिंपडून वाळू द्यावे. (बाटली नीट पाहून घ्यावी. बॅटरीचे ॲसिड निराळे, त्याला हात लावू नये.)

प्रत्यक्ष धुताना क्रम महत्त्वाचा. प्रथम चौकट, विशेषतः वरची कड, कारण धूळ व कोळीष्टके तेथे असतात. मग काच वर-खाली घासायची, आणि शेवटी ब्रश काचेपासून किंचित दूर धरून वरून खाली नुसते पाणी सोडायचे. एकदा हे झाल्यावर पुन्हा चौकटीला ब्रश लावला की तेथील घाण काचेवर उतरते. नवशिक्याचे डाग बहुधा याच चुकीचे असतात, आणि तो दोष पाण्याला देतो. वर्षानुवर्षे न धुतलेली चौकट पहिल्या खेपेला साफ होत नाही, दोनदा तरी धुवावी लागते. लाकडी चौकटीचा रंग जुना होऊन पीठ पडत असेल, तर पांढरे ओघळ येतात. अशा घराला हातानेच पुसणे बरे. मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी धरले, तर पंधरा मिनिटांच्या घराला पंचवीस-तीस लिटर लागतात.

गिऱ्हाईकाची समजूत काढणे हेही एक कामच. ‘पैसे घेतले आणि काच ओली ठेवून निघून गेला’ अशी तक्रार पहिल्या महिन्यात हमखास येते. वाळेपर्यंत थांबा, असे सांगावे लागते.

ही पद्धत निर्धोक आहे असे मात्र कोणी समजू नये. ॲल्युमिनियमप्रमाणे कार्बन फायबरमधूनही वीज वाहते. इंग्लंडच्या खेड्यांत लाकडी खांबांवरून ११ हजार व्होल्टच्या उघड्या तारा जातात. काठी त्यांना प्रत्यक्ष न टेकता नुसती फार जवळ गेली, तरी ठिणगी उडी मारते. म्हणून काठी उभी करण्यापूर्वी वर पाहायचे, हा पहिला धडा. चारशे लिटरची टाकी म्हणजे चारशे किलो वजन. ती गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेली नसेल, तर अचानक ब्रेक लावताच चालकाच्या पाठीवर येईल. रस्त्यावर पसरलेल्या नळीत म्हातारी माणसे अडखळतात. आणि २० ते ४५ अंश तापमानात साचून राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. ते तुषारांवाटे फुप्फुसात जातात, म्हणून उन्हाळ्यात टाकी भरून ठेवून द्यायची नसते.

आपल्या सोसायट्यांच्या खिडक्यांना ही काठी फारशी लागू पडत नाही. गज आणि लोखंडी पिंजरे यांतून ब्रश फिरत नाही, आणि तीस मजली इमारतीपर्यंत कोणतीच काठी पोहोचत नाही. तेथे दोराला लोंबकळणारा माणूस आजही लोंबकळतोच आहे. पण गच्चीवर बसवलेली सौर पॅनेल्स ही देखील काचच आहे. पुष्कळ ठिकाणी ती बोअरच्या पाण्याने धुतात, मग तिच्यावर तोच पांढरा थर धरतो आणि वीज कमी मिळू लागते. धुणारा माणूस कठड्याच्या कडेला उभा राहतो, किंवा पत्र्यावर चढतो, आणि जुना पत्रा पायाखाली फुटतो. लांब काठीचा मऊ ब्रश आणि क्षार काढलेले पाणी येथे खरोखर उपयोगी आहे. ते काम मात्र सूर्य वर येण्यापूर्वी उरकावे, कारण दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकण्याचा धोका असतो.