नव्या घरी आलेले मांजर जेवत नाही तेव्हा

रस्त्यावर सापडलेली, आजारातून उठलेली, मालकाने घर बदलताना सोडून दिलेली मांजरे प्राण्यांच्या निवाऱ्यात येतात. तेथे पिंजरे थोडे आणि मांजरे फार. म्हणून कायमचे घर मिळेपर्यंत पंधरा दिवस, महिनाभर ती कोणाच्या तरी घरी सांभाळायला देतात. ही पद्धत मुंबई-पुण्याकडची म्हणून आपण ऐकत होतो. आता ती आपल्याकडेही दिसू लागली आहे, आणि बंगलेवाल्यांपेक्षा दोन खोल्यांत राहणारी माणसेच यासाठी पुढे येतात, असे आम्हास दिसते. घरात पोरे असतात, शेजार असतो, कोणी ना कोणी माणूस दिवसभर घरी असते. मांजराला आणखी काय हवे?

परंतु मांजर घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास एक प्रश्न आमच्याकडे येतो. "दादा, आणलं खरं, पण कालपास्नं अन्नाला तोंड लावंना झालंय. काय करायचं?" आणि या प्रश्नाला घरातल्या आज्जीचे उत्तर तयार असते, "भूक लागली की खाईल. जाईल कुठं?"

आज्जींचा अनुभव मोठा आहे, पण हे उत्तर मांजराच्या बाबतीत अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे मांजराच्या जिवावर बेतणारे आहे. कुत्रे दोन दिवस उपाशी राहिले तर बहुधा तगून जाते. मांजराच्या शरीराची घडण तशी नाही. त्याच्या पोटात अन्न गेले नाही की अंगातली चरबी वितळून यकृताकडे धावू लागते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी झेपत नाही, ती तेथेच साठते आणि यकृत काम करीनासे होते. मग मांजराला खरोखरच भूक लागत नाही. म्हणजे न खाल्ल्यामुळे आजार आणि आजारामुळे न खाणे, असे हे चक्र आहे. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागली की समजावे, गाडी बरीच पुढे गेली आहे. हे सारे काही दिवसांच्या उपवासात घडू शकते, आणि गंमत अशी की हाडकुळ्या मांजरापेक्षा गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. "अंगात भरपूर आहे, चार दिवस चालेल," असे म्हणून चालत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट घड्याळ. मांजर घरात आले ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. मोठे मांजर एक पूर्ण दिवस काहीच खात नसेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारावे, आणि अठ्ठेचाळीस तास उलटू न देता त्याला प्रत्यक्ष दाखवावे. तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असेल तर बारा तासही थांबू नये. एखाददुसरा घास खाते पण नेहमीच्या निम्मेही खात नाही, असे तीन-चार दिवस चालले तर तेही उपाशीच धरावे. आमचा पेशा कारकुनाचा असल्यामुळे आम्हास वहीची सवय आहे. पण या बाबतीत वही खरोखर उपयोगी पडते. किती वाजता काय ठेवले, किती उरले, पाणी प्याले का, लघवी-शी केली का, उलटी झाली का, एवढ्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या तर त्यांचे निम्मे काम होते.

आता मांजर खात का नाही, ते पाहू. पहिले कारण भीती.

कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे चढू लागले की सुतारवाड्यातली कुटुंबे गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर शहराच्या किती पेठांना घर सोडावे लागले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. स्थलांतराच्या पहिल्या रात्री ताटात गरम जेवण असते, वाढणाऱ्या माणसांच्या मनात माया असते, तरी घास घशाखाली उतरत नाही. भिंत ओळखीची नसते, आवाज ओळखीचे नसतात, उद्याचे काही ठाऊक नसते. मांजराचे तर आधी रस्ता, मग निवारा, मग आपले घर असे दोनदा-तीनदा स्थलांतर झालेले असते, आणि त्याला कोणी काही सांगितलेले नसते. ते रुसलेले नाही, माजलेले नाही. अन्नाला तोंड लावण्याएवढे निर्धास्त ते अजून झालेले नाही, इतकेच.

या निर्धास्तपणासाठी लागणारी वस्तू किराणा दुकानात फुकट मिळते. ती म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. हॉलंडमधील उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एका निवाऱ्यातल्या नव्या मांजरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणीस मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकेवाली मांजरे पहिल्या तीन-चार दिवसांतच सावरली, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. तेव्हा दोन खोल्यांचे घर असले तरी कॉटखाली नाहीतर कपाटाच्या आडोशाला एक खोका आडवा ठेवावा, त्यात जुने लुगडे अंथरावे. निवाऱ्यात ते ज्या फडक्यावर झोपत होते तेच न धुता मागून आणले तर फारच चांगले. आपल्या नाकाला तो वास नको वाटतो, पण मांजराला तेवढाच ओळखीचा असतो. खोक्यातून त्याला ओढून काढू नये. पोरांनी भोवती कोंडाळे करून "खा की गं मने, खा की" म्हणत बसू नये. टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. आणि ज्या आठवड्यात गल्लीत डॉल्बी वाजणार आहे त्या आठवड्यात मांजर आणूच नये, मग मिरवणूक कोणाचीही असो.

टक लावून बघणे मांजराला धमकीसारखे वाटते. त्याच्याकडे बघून सावकाश डोळे मिटावेत आणि सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की असे केल्यावर मांजरही डोळे किलकिले करते आणि परक्या माणसाच्याही जवळ येण्यास तयार होते. पोरांना हा खेळ शिकवला तर ती गप्पही बसतात. घरातल्या आयांना हा फायदा विशेष पटेल!

दुसरे कारण वासाचे. मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवते. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले की मांजराला गोड चवच कळत नाही, त्यासाठी लागणारे जनुक त्याच्यात निकामी आहे. साखर घातलेले दूध किंवा बिस्किटाचा तुकडा पुढे करून ते भुलत नाही ते यामुळे. त्याला भुलवायचे तर मांस-मासळीच्या वासाने, आणि वास सुटतो तो अन्न कोमट असताना. फ्रिजमधले गार अन्न तसेच ठेवू नये. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून अन्न अंगाइतके कोमट करावे, बोट घालून बघावे, चटका बसता कामा नये.

येथे एक उदाहरण सांगतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने असेच एक मांजर पंधरा दिवसांसाठी घेतले. वडील शिरोलीच्या फौंड्रीत, आई चार घरी स्वयंपाक करते. पाहुणा येणार म्हणून वहिनींनी जमीन दोनदा फिनेलने पुसली. मांजर आले ते थेट गव्हाच्या पिंपामागे गेले. वाटीत कोरडे कॅट फूड, शेजारी पाणी, शेजारीच मातीचे घमेले, असा सारा संसार एका कोपऱ्यात मांडलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दाण्याला स्पर्श नाही. वहिनींनी निरोप पाठवला. आम्ही गेलो तर दारातच फिनेलचा भपकारा. आपल्याला जो वास स्वच्छतेचा, तो मांजराच्या नाकाला असह्य. शिवाय फिनेलमधली द्रव्ये त्याच्या यकृताला पचत नाहीत, ओल्या जमिनीवरून चालून पंजे चाटले तर विषबाधाही होते. जमीन साध्या पाण्याने दोनदा पुसली. घमेले दुसऱ्या टोकाला नेले, कारण शौचाच्या जागी जेवायला आपणही बसणार नाही. पाणीही वाटीपासून लांब ठेवले. वहिनींनी कोंबडीचे चार तुकडे मीठसुद्धा न घालता उकडले. रात्री बारानंतर दुसऱ्या पाळीवरून भाऊ घरी आले, पोरे झोपलेली, गल्ली शांत. ते भाकरी खायला बसले आणि सहा हात अंतरावर बशीत कोमट कोंबडी ठेवली. तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. भाकरी संपत आली तेव्हा पिंपामागून मांजर आले, तीन तुकडे खाल्ले, परत गेले. वहिनींच्या वहीप्रमाणे तेव्हा बत्तीस तास झाले होते.

पहिले चार दिवस रात्रीचा असा शांत वेळ फार मोलाचा.

खायला काय द्यावे? सर्वांत आधी निवाऱ्यात ते काय खात होते ते विचारून तेच द्यावे, शक्य तर तशाच भांड्यात. आपल्या पसंतीचे अन्न द्यायचे तर आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत जावे. ते नसेल तर बिनमिठाची उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी, उकडलेले अंडे. तांबडा-पांढरा रस्सा हा कोल्हापूरचा अभिमान खरा, पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून मांजराचा वाटा फोडणीआधीच बाजूला काढावा. रस्स्यातले तुकडे धुऊन देणे उपयोगाचे नाही. शिजलेली हाडे देऊ नयेत. सुके बोंबील, सुकट यांना वास झकास असतो, पण मीठ फार. चांगले भिजवून, पाणी टाकून चिमूटभर वरून घालावे, नुसत्या वासासाठी.

आणि दूध. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध तालमीतल्या पोरांना भले. मोठ्या मांजराच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस फारसा उरलेला नसतो. घाबरलेल्या, उपाशी मांजराला म्हशीचे दूध दिले तर जुलाब होऊन होते ते पाणीही निघून जाते. दूध-चपातीवर मांजर जगते हा आपल्याकडचा जुना समज आहे. ते जगते ते बाहेर उंदीर, पाली, किडे खाऊन. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली कळले, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली.

बशी भरून ठेवू नये. मांजराच्या जातीचे जेवण उंदराएवढे असते, दिवसातून आठ-दहा वेळा. चमचाभर ठेवावे, वीस मिनिटांनी उचलावे, दोन तासांनी ताजे ठेवावे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, म्हणजे उकडलेली बिनहाडाची कोंबडी सव्वाशे-दीडशे ग्रॅम. पण पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा गेला तरी मोठी जमा समजावी. नुसत्या कोंबडीवर मात्र आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नये.

तोंड उघडून घास कोंबणे, पिचकारीने दूध ओतणे हे प्रकार कोणी करू नयेत. अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येते, आणि त्या अन्नाचा मांजर असा धसका घेते की पुढे वासानेही पळते. बोटाला उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे पाणी किंचित लावून नाकासमोर धरावे, चाटले तर ठीक. ते चावले किंवा बोचकारले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सीपीआरमध्ये जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद-चुना लावून बसू नये.

भीती गेली, वास आहे, शांतता आहे, तरी खात नसेल तर दुखणे आहे. निवाऱ्यातल्या मांजरांना सर्दी फार. नाक चोंदले की वास नाही, आणि वास नाही की भूक नाही. ओल्या कोमट फडक्याने नाक पुसावे. तोंडात फोड, किडलेला दात, जंत, ताप अशी कितीतरी कारणे असतात. घाणेरडा वास येणारी लाळ गळत असेल, मांजर बशीपाशी येऊन वास घेऊन मागे फिरत असेल, तर तोंड दुखत असण्याचा संभव मोठा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. माणसाची एक गोळी मांजराला ठार मारू शकते.

डॉक्टर म्हटले की खर्चाची धास्ती वाटते. पण जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते आणि ते केवळ गाई-म्हशींसाठी नसते. तेथील शुल्क आपल्याला परवडण्याजोगे असते. फारच अवघड दुखणे असेल तर पुणे रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भूक आणणारी औषधेही आता निघाली आहेत. माणसाच्या नैराश्यावरचे मिर्टाझापिन हे औषध मांजराच्या कानाच्या आत लावायचे मलम म्हणून अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. मात्र ते केव्हा आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि मांजर सांभाळायला घेतानाच उपचाराचा खर्च कोणाचा, हे निवाऱ्याशी बोलून, शक्य तर कागदावर लिहून घ्यावे. भिडेपोटी हा प्रश्न विचारायचा राहतो आणि मग खिशात पैसे नाहीत म्हणून मांजर दोन दिवस तसेच पडून राहते.

त्या फौंड्रीवाल्या भाऊंचे मांजर पाचव्या दिवशी दिवसाउजेडी, पोरांच्या देखत जेवू लागले. पंधरा दिवसांनी त्याला कायमचे घर मिळाले. वहिनींनी त्याच्याबरोबर तीच बशी, लुगड्याचा तुकडा आणि वहीची पाने पाठवून दिली. वर लिहिले होते, "रात्री उशिरा वाढा. जमीन फिनेलने पुसू नका."