पारसिक चुकवून

डोंबिवलीची फास्ट लोकल आता पारसिकच्या बोगद्यातून जात नाही. बाहेरगावच्या माणसाला यात बातमी ती काय, असं वाटेल. आमच्या लेडीज डब्यात मात्र त्यावर आठवडाभर चर्चा चालली. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा हा बोगदा. गाडी आत शिरली की खडखडाटात गप्पा बुडायच्या आणि बाहेर पडली की ठाण्याला उतरणाऱ्या बायका दाराकडे सरकायला लागायच्या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्रा-कळव्याकडून, स्लोच्या शेजारून धावू लागली.

हा खटाटोप कशाला, ते कल्याणला कळतं. इंडिकेटरवर ‘एन’ लागलं की गाडी कसाऱ्याची, ‘एस’ लागलं की कर्जतची. मुंबईकडे येताना या दोन्ही फांद्या कल्याणला एका खोडाला मिळतात आणि नाशिककडच्या, पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यांच्यासोबतच येतात. उत्तरेतून दोन तास उशिरा आलेली मेल ऐन साडेआठच्या गर्दीत घुसली, की तिच्यामागे लोकलची रांग. फलाटावर शिव्या खातो तो मोटरमन! समोर लाल सिग्नल असताना बिचारा करणार काय?

गाड्या वाढवा म्हणणं सोपं आहे. पुढचा रूळ मोकळा नको का? टर्मिनसवर फारसा वेळ जात नाही. लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, त्यामुळे इंजिन काढून फिरवायची भानगड नाही. दुसऱ्या टोकाला मोटरमन चढला की काही मिनिटांत तीच गाडी परत निघते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी हार्बरने धावली, तेव्हा मुंबईला या सोयीची ओळख झाली. अडतं ते मधल्या वाटेत.

कुर्ल्यापर्यंत मेलला आता स्वतःचा रस्ता आहे. तिथून सीएसएमटीपर्यंत ती फास्टच्याच रुळांवर येते. म्हणून विद्याविहारच्या आसपास गाडी रखडली आणि शेजारून एक्स्प्रेस पुढे सरकताना दिसली, की मी लगेच ऑफिसच्या ग्रुपवर ‘लेट’ टाकून देते. पर्समधून फोन काढण्याइतका हात हलला तर.