कायमचे कृत्रिम हृदय

हृदय म्हणजे पंप, असे आम्ही वर्गात शिकवतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतोच, "सर, विहिरीवरची मोटार बदलतात, तसे हृदय का बदलत नाहीत?" जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांच्या मुलांना हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. तासाच्या घाईत अपुरे राहणारे उत्तर येथे देत आहोत.

हृदय दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देते. तेवढे श्रम यंत्रालाही जमतात. खरी अडचण रक्ताची आहे. पाणी कोणत्याही पाइपातून वाहते. रक्त मात्र परक्या पृष्ठभागाला लागताच गोठू पाहते, आणि गुठळी मेंदूत पोहोचली की पक्षाघात होतो. पंपाने रक्त जोरात घुसळले, तर तांबड्या पेशी फुटतात.

2 डिसेंबर 1982 रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे बार्नी क्लार्क या दंतवैद्यांच्या छातीत 'जार्विक-7' हे हृदय कायमचे म्हणून बसवले गेले. ते दाबलेल्या हवेवर चाले. शरीरातून बाहेर आलेल्या नळ्या खाटेशेजारच्या अवजड यंत्राला जोडलेल्या असत. क्लार्क 112 दिवस जगले. पुढे विल्यम श्रोडर 620 दिवस जगले, परंतु पक्षाघाताने खचून. त्याला यश म्हणावे की नाही, याविषयी आमच्या मनात आजही संदेह आहे.

दात्याचे हृदय हाच चांगला उपाय. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 मध्येच भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. ऑगस्ट 2015 मध्ये पुण्यातील दात्याचे हृदय मुलुंडला नेऊन यशस्वीरीत्या बसवण्यात आले. पण दाते थोडे आणि प्रतीक्षा करणारे पुष्कळ.

म्हणून संशोधकांनी ठोक्याचाच आग्रह सोडला. 'बायव्हॅकॉर' या टायटॅनियमच्या हृदयात चुंबकीय क्षेत्रात तरंगणारी एकच चकती फिरते. घर्षण नाही, म्हणून झीजही नाही. 2024 मध्ये ते प्रथम माणसाला बसवले गेले. ऑस्ट्रेलियातील एक रुग्ण त्यावर 100 हून अधिक दिवस जगला, घरीही गेला. नंतर त्याला दात्याचे हृदय मिळाले. म्हणजे आज तरी हे हृदय प्रतीक्षेच्या काळापुरतेच आहे.

कायमचा म्हणून आज वापरला जातो तो डाव्या कप्प्याला साहाय्य करणारा छोटा पंप. तो भारतातही बसवतात. खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याची वायर पोटातून बाहेर येते. ती जागा कोरडी ठेवावी लागते, त्यामुळे नदीत डुंबणे बंद. कमरेच्या बॅटऱ्या रोज चार्ज कराव्या लागतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत वीज गेली की विहिरीवरची मोटार थांबते आणि आपण वाट पाहतो. या पंपाला मात्र वाट पाहता येत नाही.